इन्सुलिनने दिलेली वर्षं

१९२२ च्या आधी टाइप वन मधुमेह झालेल्या मुलाच्या डोळ्यांचं किंवा मूत्रपिंडांचं पुढे काय होईल, हा प्रश्न कुणाला पडत नसे. निदान झालं की मूल काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत जायचं. टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली इन्सुलिन मिळवलं, जेम्स कॉलिप यांनी ते माणसाला टोचता येईल इतकं शुद्ध केलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची सुई दिली गेली. मरणाच्या दारातली मुलं उठून बसली, अंगाने भरली, पुन्हा शाळेत जाऊ लागली. पण त्यांतली बरीच पुढे तरुण होऊन वेगळ्याच तक्रारी घेऊन परत आली. कुणाच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं, कुणाच्या पायांवर सूज, कुणाच्या लघवीतून प्रथिनं जाणारी. १९३६ साली पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी मधुमेहींच्या मूत्रपिंडांत दिसणाऱ्या खास गाठींचं वर्णन केलं, तोवर डॉक्टरांना कळून चुकलं होतं की मुलं वाचली तरी आजार संपलेला नाही.

म्हणजे दीर्घकालीन गुंतागुंत इन्सुलिनने मिळवून दिलेल्या वर्षांतच उगवली. दोष इन्सुलिनचा नव्हता. त्या वर्षांत साखर किती वर राहिली, याचा तो हिशेब होता. हा आढावा घेताना माझं लक्ष एका वयाकडे आहे, साधारण पंधरा ते तीस. आजार बहुतेकांना लहानपणी जडलेला असतो, त्रास जाणवतो तो बराच उशिरा, आणि मधल्या काळात, जेव्हा सगळं ठरत असतं, तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. नेमक्या याच काळात आईचा हात सुटतो, ओळखीचे बालरोगतज्ज्ञ सुटतात, अनेकांचं गावही सुटतं. गेल्या शंभर वर्षांत जे कळलं ते एकत्र मांडलं तर सर्वांत जपायला हवीत ती हीच वर्षं, आणि आपली आरोग्यव्यवस्था सर्वांत कमी लक्ष देते तेही याच वर्षांकडे.

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाण्याशी, लठ्ठपणाशी, आईवडिलांच्या कुठल्याही चुकीशी याचा संबंध नाही. हे पुन्हा सांगावं लागतं, कारण आपल्याकडे घरोघरी दिसणारी 'शुगर' ही पन्नाशीतली, गोळ्यांवरची असते आणि त्या ओळखीतूनच या मुलांकडे पाहिलं जातं. 'गोळ्यांवर भागत नाही का?' हा प्रश्न प्रत्येक टाइप वनच्या घराने ऐकलेला असतो. भागत नाही. इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांत रक्तात आम्ल साठून जीव जाऊ शकतो.

साखर वर राहिल्यानेच पुढचं नुकसान होतं, हे आज उघड वाटतं, पण जवळजवळ अर्धं शतक यावर वाद होता. एक पक्ष म्हणायचा, साखर आटोक्यात ठेवा. दुसरा म्हणायचा, डोळे आणि मूत्रपिंडं बिघडणं ही या आजाराची स्वतंत्र, कदाचित आनुवंशिक वाट आहे. मुलांना मोजूनमापून जगायला लावून काही साधणार नाही. वाद मिटत नव्हता, कारण मोजण्याचं साधनच नव्हतं. घरी लघवी तपासायची, रंग पाहायचा आणि अंदाज बांधायचा. ब्रुसेल्सचे डॉक्टर ज्याँ पिरार यांनी १९४७ ते १९७३ या काळात सुमारे ४,४०० रुग्णांची नोंद ठेवली आणि १९७८ मध्ये दाखवून दिलं की साखरेचा ताबा जितका सैल आणि वर्षं जितकी जास्त, तितकी इजा जास्त. एका माणसाने पाव शतक चालवलेल्या त्या वहीबद्दल मला फार आदर वाटतो. तरीही तो पुरावा निरीक्षणाचा होता. त्याच सुमारास गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी आणि घरी बोटातून रक्त काढून पाहायचं ग्लुकोमीटर हाती आलं, आणि खरी परीक्षा घेणं शक्य झालं.

ती परीक्षा अमेरिका आणि कॅनडातल्या २९ केंद्रांत १९८३ ते १९९३ या काळात झाली. 'डीसीसीटी' या नावाने ती ओळखली जाते. १३ ते ३९ वयाचे १,४४१ जण त्यात होते. अर्ध्यांना त्या काळची नेहमीची पद्धत, म्हणजे दिवसाला एक-दोन सुया. उरलेल्यांना तीन किंवा जास्त सुया नाहीतर पंप, दिवसातून चारदा तपासणी आणि पाठीशी सतत बोलणारी टीम. पहिल्या गटाचं एचबीए१सी ९ च्या आसपास राहिलं, दुसऱ्याचं ७ च्या आसपास. सरासरी साडेसहा वर्षांनी निकाल इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. ज्यांचे डोळे सुरुवातीला निर्मळ होते त्यांच्यात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. मज्जातंतूंची इजा ६० टक्क्यांनी कमी, लघवीतून मोठ्या प्रमाणात प्रथिनं जाणं ५४ टक्क्यांनी कमी. किंमतही होती: शुद्ध हरपण्याइतकी साखर खाली जाण्याचे प्रसंग तिप्पट झाले.

या अभ्यासातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. १३ ते १७ वयाच्या मुलामुलींचा निकाल वेगळा काढला तेव्हा दिसलं की तीच टीम, तीच साधनं, तेवढाच वेळ मिळूनही त्यांचं एचबीए१सी आठच्या खाली आलं नाही. त्यांच्या सोबतच्या नेहमीच्या उपचाराच्या गटात ते पावणेदहाच्या घरात होतं. फायदा त्यांनाही झाला, पण मोठ्यांना जे जमलं ते किशोरांना जमलं नाही. 'मुलगा ऐकत नाही' असं म्हणून चालणार नाही. जगातली त्या काळची उत्तम व्यवस्था हाताशी असतानाचा हा आकडा आहे.

अभ्यास संपल्यावर सगळ्यांनाच काटेकोर उपचार शिकवले गेले आणि १९९४ पासून त्याच लोकांचा माग घेणं सुरू राहिलं. काही वर्षांत दोन्ही गटांचं एचबीए१सी ८ च्या आसपास येऊन जवळजवळ एक झालं. फरक मिटायला हवा होता. तो मिटला नाही. ज्यांनी पहिली साडेसहा वर्षं साखर खाली ठेवली होती, त्यांचे डोळे आणि मूत्रपिंडं दहा वर्षांनंतरही उजवी राहिली. २००५ मध्ये हृदयाचा हिशेब आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू यांचा धोका ५७ टक्क्यांनी कमी. सुरुवातीच्या वर्षांचा ठसा रक्तवाहिन्यांवर इतका काळ टिकतो. शास्त्रज्ञ त्याला चयापचयाची स्मृती म्हणतात. विसाव्या वर्षीची साखर चाळिसाव्या वर्षी बोलते. मात्र ही गोष्ट मुलांना दम भरायला वापरली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. 'आंधळा होशील' असं ऐकत वाढलेला मुलगा ग्लुकोमीटर कपाटात टाकतो, कारण त्यावरचा प्रत्येक वाईट आकडा त्याला शिक्षेसारखा वाटू लागतो.

आजच्या तरुण पिढीचं चित्र काय? अमेरिकेतल्या 'सर्च' या मोठ्या अभ्यासाने २०१७ मध्ये, विशीच्या आत मधुमेह झालेल्यांचा हिशेब मांडला. आजार होऊन सरासरी आठेक वर्षंच झाली होती. तरी वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत टाइप वनच्या दर तिघांतल्या एकाला कुठली ना कुठली गुंतागुंत किंवा तिची पूर्वखूण लागलेली असावी, असा अंदाज निघाला. डोळे सुमारे साडेपाच टक्क्यांत, मूत्रपिंड तितक्याच, पायांचे मज्जातंतू साडेआठ टक्क्यांत. तरुणपणीच टाइप टू झालेल्यांचं चित्र याहून वाईट होतं, ७२ टक्के. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीतून २०१८ मध्ये निघालेला आकडा मनाला लागतो: दहा वर्षांच्या आत आजार झालेल्या मुलींचं आयुष्य सरासरी जवळजवळ अठरा वर्षांनी कमी भरलं, मुलांचं चौदा वर्षांनी. उपचार, इन्सुलिन, डॉक्टर सगळं मोफत किंवा जवळपास मोफत असलेल्या देशात.

पण याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवायलाच हवेत. फिनलंडमध्ये १९६५ ते १९९९ या काळात निदान झालेल्या वीस हजार लोकांत तीस वर्षांनंतर मूत्रपिंडं पूर्ण निकामी झालेले आठ टक्क्यांहून कमी होते. शिवाय नंतर निदान झालेल्यांत हे प्रमाण आणखी घसरत गेलं. स्वीडनच्या लिंशोपिंग भागात, पस्तिशीच्या आत टाइप वन झालेल्यांचा वीस ते चोवीस वर्षं माग घेतला गेला. दीर्घकालीन सरासरी एचबीए१सी ७.६ च्या खाली राहिलेल्या एकाच्याही डोळ्यांत गंभीर विकार झाला नाही, मूत्रपिंडातून प्रथिनांची मोठी गळतीही नाही. इथे परिपूर्ण साखरेची अट नाही. ७.६ हा आकडा माणसाच्या आवाक्यातला आहे. घाबरलेल्या आईला मी आधी हा आकडा सांगेन, स्वीडनचा तो अठरा वर्षांचा नाही.

आता एकेका अवयवाकडे. डोळ्यांचं नुकसान सगळ्यांत फसवं. दृष्टिपटलावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, फुगतात, झिरपतात. पुढे रक्त कमी पडलेल्या जागी नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात आणि एखाद्या दिवशी त्या फुटतात. तोवर माणसाला अगदी स्वच्छ दिसत असतं. म्हणून 'मला नीट दिसतंय' हे तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. बाहुली मोठी करून किंवा पडद्याचा फोटो काढून पाहायचं, वय अकरा झालं किंवा मूल वयात येऊ लागलं, यांतलं जे आधी, आणि आजाराला दोन ते पाच वर्षं झाली की सुरुवात करायची, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. वेळेत सापडलं तर उपाय आहेत. लेसरने गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ मध्येच सिद्ध झालं आणि आता डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी पडद्याची सूजही ओसरते. एक खोच मात्र तरुणांना आधीच सांगायला हवी. वर्षानुवर्षं बारा-तेरावर राहिलेलं एचबीए१सी झपाट्याने खाली आणलं तर डोळे काही महिने आणखी बिघडू शकतात. पुढे फायदाच होतो. पण साखर सुधारायला घ्यायच्या आधी पडदा तपासून घ्यावा. नाहीतर प्रामाणिकपणे सुधारू पाहणाऱ्या पोराला पहिल्याच वर्षी धक्का बसतो आणि तो सगळंच सोडून देतो.

मूत्रपिंडाबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट फिनलंडमधूनच आली. २००९ मध्ये तिथल्या चार हजारांवर प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन नव्हतं, त्यांचा मृत्युदर बाकी जनतेइतकाच होता. टाइप वनमध्ये अकाली मरण्याचा जादा धोका जवळजवळ सगळा मूत्रपिंड बिघडलेल्यांच्या वाट्याला जातो. म्हणूनच सकाळच्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण पाहण्याची साधी चाचणी दर वर्षी व्हायला हवी. तीही एकदा वर आली म्हणून घाबरायचं नाही. ताप, जोराचा व्यायाम, मासिक पाळी यांनीही आकडा वाढतो, म्हणून ती पुन्हा करायची. शिवाय ही सुरुवातीची गळती परतही फिरते: बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रातल्या ३८६ जणांपैकी ५८ टक्क्यांची सहा वर्षांत मागे हटली. एके काळी लघवीत प्रथिनं दिसली की वाट डायलिसिसकडेच जाते, असं मानलं जाई. तसं राहिलेलं नाही.

गळती टिकून राहिली तर रक्तदाबाची काही औषधं मदतीला येतात. १९९३ मध्येच कॅप्टोप्रिलने मूत्रपिंड निकामी होणं, प्रत्यारोपण किंवा मृत्यू यांचा धोका निम्म्यावर आणला होता. या औषधांनी पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, ही गोष्ट त्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक तरुणीला लिहून देताना सांगितली गेलीच पाहिजे. मग किशोरवयातच सरसकट अशी गोळी सुरू करावी का? १० ते १६ वयाच्या ४४३ मुलांवर ते करून पाहिलं गेलं, सोबत कोलेस्टेरॉलची गोळीही. २०१७ मध्ये आलेल्या निकालात अल्ब्युमिनवर ठळक परिणाम दिसला नाही. युरिक अॅसिड कमी करणाऱ्या अॅलोप्युरिनॉलवरची आशाही २०२० मध्ये मावळली. गोळीची आडवाट अजून सापडलेली नाही. रक्तदाब, साखर, सिगारेट न ओढणं, हीच वाट आहे.

मज्जातंतूंची इजा तरुणांत मोठ्यांइतकी गाजत नाही, पण असते. पावलांना मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते किंवा काहीच जाणवत नाही. शेवटचा प्रकार वाईट, कारण चप्पल लागल्याची जखमही कळत नाही. पोटाच्या नसा बिघडल्या तर अन्न जठरात पडून राहतं. इन्सुलिन आधी काम करतं, जेवण नंतर पचतं आणि साखर वेड्यासारखी खालीवर होते. सांधेही आखडतात. नमस्कार करताना दोन्ही तळहात पूर्ण टेकत नाहीत, बोटांच्या मध्ये फट राहते. डॉक्टर ही खूण पाहतात, कारण ती असलेल्यांत डोळ्यांचे आणि मूत्रपिंडाचे विकार जास्त आढळतात. पैसा न लागणारी ही तपासणी आपल्याकडे तरी प्रत्येक भेटीत आपोआप व्हायला हवी.

हृदयाचा धोका तरुणपणी आकड्यांत छोटा दिसतो, पण रक्तवाहिन्या विशीतच कडक होऊ लागतात. बाकीचं थोडक्यात. थायरॉइड वर्षा-दोन वर्षांनी तपासावं, कारण एक स्वयंप्रतिकार विकार दुसऱ्याला सोबत आणतो. वजन धरत नसेल, पोट सतत बिघडत असेल तर गव्हाच्या असहिष्णुतेची, म्हणजे सिलिअॅकची तपासणी करावी. मोतीबिंदू शाळकरी वयातही होऊ शकतो. आणि आपल्या देशात क्षयरोग: मधुमेहात त्याचा धोका दोन-तीन पट असतो. साखर अचानक आवरेनाशी झाली आणि खोकला जाईना, तर बेडका तपासायला पाठवावं. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधन संस्थेत अनुराधा आणि वामन खाडिलकर यांच्या गटाने टाइप वन असलेल्या मुलांच्या उंचीचा आणि हाडांचा बारकाईने अभ्यास केला आहे. साखर नीट नसेल तर मूल खुजं राहतं आणि हाडं कमी भरतात, हे नुकसान परदेशी यादीत तळाला असतं, आपल्याकडे ते वर यायला हवं.

खाली जाणारी साखर हीसुद्धा दीर्घकालीन गोष्ट आहे. वारंवार 'लो' झालं की शरीर इशारे देणंच सोडतं: घाम नाही, थरथर नाही, थेट भान जातं. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या रॉबर्ट टॅटरसॉल आणि जेफ्री गिल यांनी रात्री नीट झोपलेल्या आणि सकाळी मृत आढळलेल्या २२ तरुण रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. असे मृत्यू फार थोडे; पण त्यांची धास्ती मोठी आहे आणि कित्येक आया त्यापायी मुलाची साखर मुद्दाम वर ठेवतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही. रात्रीचे आकडे दिसू लागले की ही भीती आपोआप कमी होते.

पंधरा ते पंचवीस या वयात नेमकं काय बिघडतं? आधी शरीरच बिघडवतं. वयात येताना वाढीची संप्रेरकं इन्सुलिनचा जोर कमी करतात, डोस एकाएकी खूप वाढवावा लागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या नोंदवहीत किशोरांचं सरासरी एचबीए१सी २०१०-१२ मध्ये ८.५ होतं, ते २०१६-१८ मध्ये ९.३ झालं. पंप आणि साखर सतत मोजणारे सेन्सर त्या काळात वाढतच होते. यंत्र मिळालं म्हणून किशोरवय सोपं होत नाही. त्यात लपवाछपवीची भर पडते. वर्गात सुई काढायची नाही, डब्याच्या वेळी डोस चुकवायचा. मुलींच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. इन्सुलिन कमी घेतलं की वजन उतरतं, हे ध्यानात आलेल्या काही जणी मुद्दाम डोस गाळतात. बॉस्टनमध्ये २३४ स्त्रियांचा अकरा वर्षं माग घेतला तेव्हा सुमारे ३० टक्क्यांनी असं केल्याचं सांगितलं होतं. त्यांच्यात मृत्यूचा धोका तिप्पट होता आणि गेलेल्यांचं सरासरी वय ४५ होतं, बाकीच्यांचं ५८. हा हट्ट नाही, खाण्याशी जडलेला मानसिक आजार आहे, त्यावर उपचार आहेत. पण कुणी विचारलं तरच तो कळतो.

भारतात विशीच्या आतले टाइप वनचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२१ चा अंदाज सुमारे २ लाख २९ हजारांचा. त्यांतले किती जण बीड-जालन्याच्या ऊसतोड टोळ्यांबरोबर सहा महिने फडावर असतील, याचा विचार केला की परदेशी मार्गदर्शक तत्त्वं वेगळी वाटू लागतात. फ्रिज नाही, म्हणून ओल्या मातीच्या मडक्यात कुपी ठेवायची. ही पद्धत चालते. कुपीतलं इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट, पेनमधलं १००. सिरिंज चुकली तर डोस अडीच पट चुकतो. एका सुईवर आठवडा काढायचा, एकाच जागी टोचत राहायचं, मग तिथे गाठ येते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. साखर तपासायच्या पट्ट्यांचा खर्च अनेकदा इन्सुलिनपेक्षा जड होतो, म्हणून सर्वांत आधी तपासणीच बंद पडते. नागपुरात शरद पेंडसे यांनी उभा केलेला ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरात अर्चना सारडा यांची 'उडान' या संस्थांनी गरीब घरांतल्या मुलांना इन्सुलिन, पट्ट्या आणि शिक्षण एकत्र देऊन दाखवलं. इन्सुलिनची नुसती कुपी देणं आणि तिच्यासोबत शिकवणारं माणूस देणं, यांत किती अंतर आहे हे त्यांच्या कामातून दिसतं.

शहरात येणाऱ्यांची अडचण निराळी. पुण्यात अभ्यासिका आणि कॉट बेसिसवरची खोली, मेसचं जेवण, उशिरापर्यंत जागरण, खोलीतल्या मुलांना आजार सांगितलेला नाही. घरी आई रात्री दोनला उठून साखर पाहायची, इथे कुणी नाही. नवरात्राचे उपवास करणाऱ्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि त्याच्या खिचडीसाठी भाकरीहून जास्त इन्सुलिन लागेल. उपवास करू नकोस एवढंच सांगितलं तर ती तो न सांगता करते.

लग्न हा या वयातला सर्वांत कडू विषय. मुलीचा आजार लपवून लग्न लावलं जातं, मग सासरी इन्सुलिन न्हाणीघरात घ्यावं लागतं, किंवा घेतलंच जात नाही. याचा परिणाम थेट शरीरावर होतो. गर्भ राहण्याआधी एचबीए१सी शक्यतो ६.५ च्या खाली असावं, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. डोळ्यांचा विकार गरोदरपणात बळावतो, म्हणून पडदा आधी पाहिलेला असावा. रक्तदाबाची गोळी बदललेली असावी. लपवलेल्या आजारात यांतलं काहीच होत नाही. नीट तयारी केली तर टाइप वन असलेल्या बाईला निरोगी मूल होऊ शकतं, हे मुलीला तिच्या सोळाव्या वर्षीच तिच्या डॉक्टरांकडून कळलं पाहिजे, स्थळं पाहायला सुरुवात झाल्यावर नाही.

पैशाचं गणित मला अस्वस्थ करतं. डायलिसिससाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि तो हवाच. पण त्याच तरुणाला पंधरा वर्षं आधी रोज चार पट्ट्या देणारा तसा देशव्यापी कार्यक्रम नाही. मूत्रपिंड गेल्यावर सरकार त्याच्या पाठीशी उभं राहतं, ते वाचवायच्या काळात तो एकटा असतो. केरळने 'मिठायी' योजनेतून मुलांना इन्सुलिन आणि साधनं मोफत देऊन दुसरा मार्ग दाखवला आहे. महाराष्ट्राला तो परवडत नाही, असं म्हणणं मला पटत नाही.

पुढे काय दिसतं? सेन्सर आणि पंप एकमेकांशी बोलून डोस ठरवू लागले आहेत. आपल्याकडे चौदा दिवसांचा सेन्सर अजून काही हजारांचा. २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. आजार पूर्ण उमटण्याआधी दिलं तर ते तो सरासरी दोनेक वर्षं लांबवतं. जॉस्लिन केंद्र पन्नास वर्षं इन्सुलिनवर काढलेल्यांना पदक देतं; त्या लोकांच्या अभ्यासात दोनतृतीयांशांच्या शरीरात इतक्या वर्षांनीही थोडं स्वतःचं इन्सुलिन तयार होत असल्याची खूण सापडली. उरलेल्या थोड्या पेशी टिकवण्यावर आता एवढं संशोधन का चाललं आहे, ते त्यावरून कळतं.

पण आज अठरा वर्षांच्या मुलासाठी उद्या सकाळी करता येईल असं काम यापेक्षा साधं आहे. कॅनडातल्या मॅनिटोबात 'माएस्ट्रो' नावाच्या प्रकल्पात बालरोग विभागातून बाहेर पडणाऱ्या तरुणांना फोन करणारा एक माणूस नेमला गेला. डॉक्टर नव्हे, फक्त पाठपुरावा करणारा: तारीख घेतलीस का, गेलास का, काय अडलं? मधल्या काळात उपचारातून गळणाऱ्यांची संख्या त्याने बरीच घटली. आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत असं एक पद निघू शकतं. बालरोग विभागातून निघणाऱ्या मुलाच्या हाती एक कागद असावा: आजार कधी झाला, शेवटचं एचबीए१सी, डोळ्यांची शेवटची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तदाब, चालू डोस. त्याच कागदावर प्रौढ विभागातली पहिली तारीख लिहिलेली असावी, आणि त्या तारखेला तो आला नाही तर त्याच आठवड्यात त्याला फोन जावा.